पोराला परदेशी शिकायला पाठवायचंय? आधी घराची कागदं बाहेर काढा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. जुम्याची नमाज झाली आणि मशिदीबाहेर चपला घालताना एक ओळखीचे गृहस्थ थांबले. शिरोली एमआयडीसीत त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झालाय, त्याला इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर आलंय. आनंदाची बातमी, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. म्हणाले, "भाई, घर गहाण टाकायला लागतंय म्हणत्यात. पोरगं म्हणतंय दोन वर्सांत फेडतो. फेडंल का?"

त्या क्षणी माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. त्या बैठकीत आणि नंतरच्या धावपळीत जे कळलं, ते इथं सगळ्यांसाठी लिहितोय. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, मिरज या पट्ट्यात असा प्रश्न पडलेली घरं आता एक-दोन राहिलेली नाहीत.

सुरुवात हिशेबापासून करू, कारण बहुतेक घरांत हिशेब सगळ्यात शेवटी होतो. आधी एजंटाचं ऑफिस, मग ऑफर लेटर, मग पेढे आणि मग बँक. हा क्रम उलटा आहे.

इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या मास्टर्सची फी १८ हजार पौंड धरू. यापेक्षा कमी आहे तशी कितीतरी जास्तही असते. पौंड ११५ रुपयांच्या आसपास धरला तर झाले २० लाख ७० हजार. लंडनबाहेर राहण्याच्या खर्चासाठी नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. हे साधारण १२ लाख. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा काही महिने जास्तीचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा भरावा लागतो, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. व्हिसा फी, टीबीची तपासणी, विमान तिकीट, थंडीचे कपडे धरले की आकडा ३५-३६ लाखांवर जातो. एजंट सांगतो ती फक्त पहिली ओळ.

आता त्यातले २० लाख बँकेकडून १० टक्के व्याजानं घेतले असं समजा. शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या सवलतीच्या काळात मिळून दोन वर्षं हप्ता नाही, पण साधं व्याज चढत राहतं. ते झाले चार लाख. मग २४ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला साधारण ३१ हजार ७०० रुपये. दहा वर्षांत भरलेली रक्कम ३८ लाखांच्या घरात जाते. मुलाला तिकडं नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. परत येऊन पुण्यात २५ हजारांवर लागला तर हप्ता बापाच्या गल्ल्यातून जाणार. "दोन वर्सांत फेडतो" या वाक्याचा हिशेब हा असा आहे.

तिकडं पदवीनंतर थांबून काम करायला मिळतं त्या मुदतीही बदलत चालल्यात. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं थांबता येत होतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-मास्टर्सवाल्यांना ती मुदत १८ महिने होणार आहे. म्हणजे आज प्रवेशाची तयारी करणाऱ्यानं १८ महिनेच धरून चालावं. जानेवारी २०२४ पासून तिथल्या शिकवणीच्या मास्टर्सला बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. कॅनडानं खात्यात दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर केली आणि भारतीयांना झटपट व्हिसा देणारी योजना नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद केली. ऑस्ट्रेलियाची नुसती व्हिसा फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अमेरिकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी नोकरी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली. शिकायला जाणाऱ्यावर ती थेट येत नाही, पण शिकून नोकरी मिळेल या हिशेबानं कर्ज काढणाऱ्यानं ती डोळ्यांआड करू नये. चुलतभाऊ २०२२ ला गेला आणि सेट झाला, हे खरं असेल, पण तो २०२२ चा नियम होता.

जर्मनीची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि आपल्याकडच्या इंजिनिअर पोरांनी ती नीट बघावी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंदिस्त खात्यात आधी ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो विद्यार्थ्याला मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर १२ लाख. रक्कम मोठी आहे, पण ते पैसे आपलेच, आपल्याच मुलाच्या जेवणाखाण्याला जातात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस नावाचं कागदपत्र-पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, त्याची फी १८ हजार रुपये आहे आणि त्याला वेळ लागतो. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम झालेल्यांनी तिथं आपली पदवी मास्टर्सला चालते का, हे विद्यापीठाला आधी विचारावं. कोर्स इंग्रजीत असला तरी दुकानात, घरमालकाकडं आणि नोकरीत जर्मनच लागते. हे इथून जाताना कुणी सांगत नाही.

आता व्याजाचा प्रश्न. आपल्या घरांत हा विषय निघाला की बैठक शांत होते. आई म्हणते व्याजाचा पैसा नको, मुलगा म्हणतो मग शिकायचंच नाही का. या बाबतीत उलमांमध्ये मतभेद आहेत. काही जण नाइलाज असेल तर सवलत देतात, काही अजिबात देत नाहीत. मी फतवा देणारा माणूस नाही. ज्यांच्यावर तुमचा भरोसा आहे त्या आलिमांना आपली पूर्ण परिस्थिती, म्हणजे उत्पन्न, पर्याय, कोर्स, सगळं सांगून विचारा. नुसतं "लोन जायज आहे का" असं विचारलं तर उत्तरही अर्धंच मिळतं. पण विचारायला जाण्याआधी बिनव्याजी वाटा खरंच शोधल्यात का, हे स्वतःला विचारा. बहुतेकांनी शोधलेल्या नसतात.

के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाला बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. गुणवत्तेवर निवड असते, मुलाखत होते, जातधर्म बघत नाहीत. तुर्कस्तान सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज दरवर्षी साधारण १० जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात असतात. फी, राहणं, महिन्याचा भत्ता, विमा, विमान तिकीट आणि एक वर्ष तुर्की भाषेचं शिक्षण, सगळं त्यात येतं. युरोपची इरास्मस मुंडुस ही एकाहून जास्त देशांत शिकवणाऱ्या मास्टर्सची शिष्यवृत्ती आहे. तिचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. ब्रिटनच्या चेव्हनिंगला किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे कॉलेजमधून निघाल्या निघाल्या ती मिळत नाही, दोन वर्षं नोकरी करून मिळते. आणि दोन वर्षं नोकरी करणं काही वाया जात नाही.

राज्य सरकारची योजना अजून पुष्कळांना माहीत नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अल्पसंख्याक समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती मंजूर केली. वर्षाला २७ जागा, आणि प्रवेश क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मधल्या विद्यापीठात हवा. म्हणजे एजंटाच्या ब्रोशरमधली बरीच विद्यापीठं इथंच बाद होतात. २७ जागा अख्ख्या राज्याला आणि सगळ्या अल्पसंख्याक समाजांना मिळून आहेत, तरीही अर्ज न करण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

आणखी एक दार आहे, ज्याकडं आपण बघतच नाही. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी-नदाफ हे समाज महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. त्यांच्या मुलांना इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या परदेश शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. अडचण कागदाची आहे. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं, आणि तिथंच गाडी अडते. मग जुन्या नोंदी शोधायच्या, गावातल्या शाळेचं जनरल रजिस्टर, महसुलाचे उतारे, चुलत आजोबांचे दाखले. त्यानंतर जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. यात महिने जातात. मुलगा बारावीत असतानाच हे काम हातात घेतलं तर ठीक, नाहीतर शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते आणि आपण तहसील कार्यालयाच्या बाकावरच असतो.

केंद्राची 'पढो परदेश' योजना अजून लोक विचारतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं शिक्षणकाळातलं व्याज सरकार भरायचं. ती २०२२-२३ पासून बंद झाली. कुणी त्या नावानं फॉर्म भरून घेत असेल तर पैसे देऊ नका.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत राष्ट्रीय महामंडळाचं शैक्षणिक कर्ज मिळतं. परदेशासाठी कमाल ३० लाख, कमी उत्पन्नाच्या गटाला ३ टक्के, वरच्या गटाला मुलांना ८ आणि मुलींना ५ टक्के व्याज. ऐकायला फार छान. पण ते ३० लाख पाच वर्षांच्या कोर्सचे आहेत, वर्षाला ६ लाख या हिशेबानं. एक वर्षाच्या मास्टर्सला सहाच लाख येतात. त्यामुळं ते मुख्य आधार म्हणून नाही, जोड म्हणून धरावं. ज्यांना व्याज नको त्यांचा प्रश्न इथंही शिल्लक राहतोच.

एका खिशातून सगळा खर्च निघाला पाहिजे असं काही नाही. कोल्हापूरकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढं लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा पदरात तीन गोष्टी होत्या. स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले उसने पैसे. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या माणगावची परिषद झाली होती. १९२३ मध्ये त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली. शिल्लक, मदत आणि मित्राचं उसनं, हा मेळ आपल्या ओळखीचाच आहे. आपल्याकडं त्या शेवटच्याला कर्ज-ए-हसना म्हणतात. चार काका-मामांनी दोन-दोन लाख दिले तर आठ लाख होतात. पण लिहून घ्या आणि लिहून द्या. तोंडी व्यवहारानं नाती तुटलेली मी बघितलीत.

दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग शाहू महाराजांनी १९०६ मध्ये उभं केलं. योगायोग असा की त्याच साली मुंबईच्या अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेल्या. तब्येतीमुळं कोर्स अर्धा सोडून पुढच्या वर्षी परतल्या, पण तिथल्या दिवसांची डायरी त्यांनी उर्दूत छापली. मुलींना पाठवायचं का, यावर आपल्या घरांत आजही वाद होतात, तेव्हा मला हे साल आठवतं. मुलीच्या आई-बापाची काळजी खोटी नसते. राहण्याची जागा कशी, सोबत कोण, जेवण हलाल मिळतं का, अडचणीत कुणाला फोन करायचा, हे सगळे प्रश्न बरोबर आहेत आणि त्यांची उत्तरं मिळतात. अनेक विद्यापीठांत फक्त मुलींची निवासव्यवस्था असते, नमाजाची खोली असते, विद्यार्थ्यांची इस्लामिक सोसायटी असते. त्या सोसायटीला आधीच ईमेल करा. तिथं आज शिकणाऱ्या मुलीशी आईचं व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलणं करून द्या. माझ्या अनुभवात त्या अर्ध्या तासानं जे होतं ते एजंटाच्या दहा मीटिंगांनी होत नाही.

डॉक्टर व्हायला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. रशिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, जॉर्जियाच्या जाहिराती आपल्या प्रत्येक चौकात आहेत. नॅशनल मेडिकल कमिशनचे नोव्हेंबर २०२१ चे नियम असे. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीत, त्याच संस्थेत वर्षाची इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता, आणि सगळं दहा वर्षांत पूर्ण. जाण्याआधी नीट पात्र असणं बंधनकारक. परत आल्यावर ३०० पैकी १५० गुणांची परीक्षा आणि इथली वर्षाची इंटर्नशिप. यातली एक अट हुकली तरी हातात पदवी राहते आणि दवाखान्याची पाटी लावता येत नाही. "एनएमसी अप्रूव्हड" असा शिक्का दाखवणाऱ्याला एवढंच विचारा की या पाचही अटी कॉलेज लेटरहेडवर लिहून देईल का. २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून परतलेल्या मुलांची परवड सगळ्या देशानं बघितली, त्यामुळं देश निवडताना फीसोबत तिथली परिस्थितीही बघायची असते.

एजंट सगळेच वाईट नसतात. पण "आमची सर्व्हिस फ्री" म्हणणाऱ्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हे समजून त्याचा सल्ला ऐका. तो ज्या चार विद्यापीठांची नावं घेतो, ती त्याला कमिशन देणारी चार असू शकतात. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थ्यांची ऑफर लेटरं बनावट निघाली. मुलं तिथं जाऊन शिकली होती, फसवलं होतं एजंटानं, आणि देशाबाहेर काढण्याची नोटीस आली मुलांना. म्हणून लॉगिन आणि पासवर्ड मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर हवा, आणि फी विद्यापीठाच्या खात्यात थेट गेली पाहिजे, एजंटाच्या खात्यात एक रुपयाही नाही. बँकेतून पाठवताना आणखी एक गोष्ट. वर्षाला दहा लाखांच्या वर स्वतःचे पैसे शिक्षणासाठी पाठवले तर वरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून तो नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरून परत मागता येतो, पण त्या महिन्यात तेवढे पैसे हाताशी लागतात.

आणि आता शीर्षकातली कागदं. साडेसात लाखांच्या वर कर्ज मागितलं की सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. आपल्याकडं घर असतं, पण प्रॉपर्टी कार्डावर नाव दादांचं, म्हणजे कधीच वारलेल्या आजोबांचं. पाच भाऊ, तीन बहिणी, वारस नोंद झालेली नाही. नाहीतर गुंठेवारीतला प्लॉट, जो नियमित झालेला नाही. नाहीतर सामाईक सातबाऱ्यावरची शेतजमीन. यातलं काहीच बँक घेत नाही. वारस नोंद करायची तर आत्यांच्या सह्या लागतात, आणि आत्यांचा वाटा तीस वर्षं द्यायचा राहून गेलेला असतो. शिक्षणाच्या निमित्तानं तो दिला गेला तर मुलाच्या शिक्षणाइतकंच ते चांगलं काम होईल, असं माझं मत.

नावांचा घोळ तर विचारू नका. दहावीच्या सर्टिफिकेटवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', पॅनवर नुसतं 'मो.', कुठं आडनाव शेख, कुठं मुल्ला, कुठं मुजावर. परदेशी विद्यापीठाच्या बाबूला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्ट दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणं काढा आणि बाकीचं त्याला जुळवून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नाव बदलाची नोंद करा. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे का, तेही बघा. नुसतं "पुरुष" लिहिलेले दाखले अजून घरोघरी आहेत. ब्रिटनला पालकांच्या खात्यातले पैसे दाखवताना हाच दाखला नातं सिद्ध करायला लागतो, आणि ते पैसे खात्यात सलग २८ दिवस हवेत. एक दिवस शिल्लक खाली गेली की अर्ज फेटाळला जातो. पासपोर्टसाठी आता पुण्याला जावं लागत नाही, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पण अमेरिकेच्या मुलाखतीला मुंबई गाठावीच लागते, म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसची एक रात्र. शिवाजी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्टं आधीच काढून ठेवा, जास्तीच्या प्रती घ्या. सप्टेंबरला जायचं असेल तर हे सगळं आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू व्हायला हवं, आयईएलटीएस दिवाळीच्या आसपास, अर्ज डिसेंबरपर्यंत. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळं लवकर दिली म्हणून काही बिघडत नाही.

शिरोलीच्या त्या गृहस्थांचं घरही वडिलांच्याच नावावर निघालं. त्या सप्टेंबरला मुलगा गेला नाही, ऑफर लेटर पुढच्या वर्षावर ढकललं. मधल्या काळात त्यानं पुण्यात नोकरी धरली आणि रात्री जर्मन शिकतोय. वारस नोंदीला दोन आत्यांनी सह्या केल्या, तिसरी गोव्याला असते. तिच्याकडं बापलेक येत्या रविवारी निघालेत.